तंबोरा माळ्यावर, स्मारक कुलपात

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल त्यांनीच वाचा. राजकारण थोडं आहे, शिव्या नाहीत.

मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको आमची जुनी वॅगनआर घेऊन बेंगळुरूपर्यंत जाऊन आलो. पोरगं बारावीच्या क्लासमध्ये अडकलेलं, त्याला आजीजवळ ठेवलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण दोघंच असं लांब जायची ही पहिलीच वेळ. कल्पना बायकोची. म्हणाली, "आपले नातेवाईक आता एक तर लग्नात भेटतात, नाहीतर दहाव्याला. एकदा काहीही कारण नसताना भेटून येऊ."

मार्ग ठरला. पहिला मुक्काम बेळगाव, तिचं माहेर. दुसरा हुबळी, माझी आत्या. शेवटी बेंगळुरू, माझा मावसभाऊ. तो तिकडं सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फोनवर म्हणाला होता, "वहिनीला गाण्याचं वेड होतं ना? इथं गाण्याचं मोठं म्युझियम झालंय. या, दाखवतो."

'होतं' हा शब्द बायकोनं तेव्हाच टिपला होता. मला तो फार उशिरा कळला.

डिकीत बेदाण्याची पाकिटं, हळद, आंब्याची एक पेटी, आणि निघालो.

कागल सोडलं की थोड्या वेळात राज्य बदलतं. पाट्यांची लिपी बदलते. कोगनोळीचा नाका मला बातम्यांमुळं माहीत. बस अडवल्या, काळं फासलं, एसटी बंद ठेवली, की या नाक्याचं नाव पहिल्या पानावर. सीमाप्रश्न मी हलका करत नाही. बायको बेळगावची आहे, एक नोव्हेंबरचा काळा दिवस तिच्या घरानं लहानपणापासून पाळलाय. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, तिथं काय व्हायचं ते होईल.

पण गाडी चालवताना मनात आलं की या रस्त्याची दुसरी एक ओळख आहे आणि ती आम्ही पत्रकारांनी कधी छापलीच नाही. हा रस्ता गाण्याचा आहे.

मोजा. कुरुंदवाड. विष्णू दिगंबर पलुस्कर तिथं १८७२ मध्ये जन्मले. फटाक्यानं डोळे अधू झाले, उपचाराला मिरजेत आणलं, आणि मिरजेत त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू मिळाले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बुवा. पुढं पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सामान्य घरातल्या पोरापोरींना फी भरून गाणं शिकता यायला लागलं ते तिथपासून. माझ्या बायकोनं दिलेल्या 'प्रवेशिका', 'मध्यमा' या परीक्षांचं मूळ तिथं आहे.

कोल्हापूर. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँ. मिरज. उत्तर प्रदेशातल्या कैरान्याहून आलेले आणि मिरजेचेच होऊन गेलेले अब्दुल करीम खाँ. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले, आणि त्यांना परत आणलं ते मिरजेला. दफन ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ. आजही उरुसात तिथं गवई येतात, बसतात, गातात.

पुढं बेळगाव. जवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व. धारवाड. मल्लिकार्जुन मन्सूर. हे धारवाडचे, पण नीळकंठबुवांकडं शिकायला आले ते मिरजेला, आणि नंतरची तालीम अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडं. गंगूबाई हनगल. जन्म धारवाडचा, संसार हुबळीचा, आणि गाणं शिकायला जायच्या कुंदगोळला, रेल्वेनं. कुंदगोळचे सवाई गंधर्व, ते अब्दुल करीम खाँचे शिष्य. त्यांच्याकडं राहून शिकले गदग जिल्ह्यातले भीमसेन जोशी.

म्हणजे कैरान्याचं घराणं मिरजेत आलं, मिरजेतून कुंदगोळला गेलं, कुंदगोळातून भीमसेनांबरोबर पुण्यात आलं आणि १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावानं दरवर्षी पुण्यात गाजतंय. पुण्यात थंडीत शाल पांघरून रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना कुंदगोळ नकाशात दाखवता येईल?

बायकोला म्हटलं, "तू डावीकडच्या पाट्या बघ, मी उजवीकडच्या बघतो. यातल्या एका तरी माणसाच्या गावाकडं नेणारी पाटी दिसते का बघू." हॉटेलं दिसली, प्लॉटिंग दिसलं, इंजिनिअरिंग कॉलेजं दिसली, वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन्ही लिप्यांत दिसल्या. आम्हाला दिसलेल्या पाट्यांत गवयाची पाटी एकही नव्हती.

बेळगावात सासूबाईंनी नेहमीप्रमाणं भरपूर वाढलं. जेवताना बायकोनं सहज विचारलं, "आई, माझा तंबोरा?"

"आहे की माळ्यावर. उंदीर लागू नयेत म्हणून पोत्यात बांधून ठेवलाय."

तो तंबोरा मिरजेचा. माझे सासरे एका बँकेत शिपाई होते. १९९७ मध्ये, पोरगी मध्यमाला बसली म्हणून, साठवलेल्या पैशातून त्यांनी मिरजेत जाऊन तो घेतला आणि रेल्वेनं मिरज ते बेळगाव मांडीवर धरून आणला. शेजारच्या माणसाला भोपळ्याला टेकू दिलं नाही म्हणून भांडणही झालं होतं, हे मी लग्नानंतर पंधरा वेळा ऐकलंय. लग्नात तो तंबोरा आमच्याकडं आला नाही. आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं. "जागा झाली की आणू," असं मीच म्हणालो होतो. विशारदचा फॉर्मही "पुढच्या वर्षी" राहिला. सहा वर्षांपूर्वी आम्ही मोठं घर बांधलं. त्यात टीव्हीसाठी एक भिंत केली. तंबोऱ्याचा विषय माझ्याकडून निघाला नाही.

ती माळ्यावर चढली नाही. म्हणाली, "येताना बघू."

पुढच्या प्रवासात एका गावात आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून एका मोठ्या गवयाचं स्मारक बघायला गेलो. कुठलं गाव, कुठलं राज्य, लिहीत नाही, कारण अशी कुलपं दोन्हीकडं आहेत. दारावर नाव ठळक, उद्घाटन करणाऱ्यांची नावं त्याहून ठळक, आणि कुलूप. वेळ कामकाजाची, वार कामकाजाचा. समोरच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं, "किल्लीवाला जेवायला गेलाय." आम्ही दोन तास थांबलो. मग तो म्हणाला, "कधी कधी तो जेवायला गेला की दुसऱ्या दिवशीच येतो." खिडकीच्या फटीतून आत एक फोटो आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत दिसली. बायकोनं फटीतूनच हात जोडले. आम्ही निघालो.

हुबळीच्या आत्यानं धारवाडी पेढे पुढ्यात ठेवले. आत्या लग्न करून कन्नड घरात गेली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तिची मराठी आता अर्धी कन्नड चालीची. मी सीमेचा विषय काढला, पत्रकाराची खोड. तर म्हणाली, "आमच्यात भांडण रेडिओच्या आवाजावरनं व्हायचं रे, भाषेवरनं नाही. भीमसेन पुरंदरदास गायला लागले की ह्यांचा आवाज मोठा, तुकाराम लागले की माझा." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला उठली. मी वीस वर्षांत सीमाप्रश्नावर लिहिलेले लेख आठवत बसलो.

आणि बेंगळुरू.

जे. पी. नगरमध्ये 'इंडियन म्युझिक एक्सपीरियन्स' नावाचं संग्रहालय आहे. एका बांधकाम उद्योगसमूहाच्या पाठबळावर उभं राहिलेलं, २०१९ पासून रीतसर सुरू. खरं सांगतो, मी थोडा तिरकस मूड घेऊनच आत गेलो होतो. बिल्डरनं काढलेलं म्युझियम म्हणजे काय असणार, मॉलच की! दोन तासांनी माझा मूड उतरला होता.

बाहेर बागेतच वाजणाऱ्या वस्तू मांडल्यात. दगड, नळ्या, थाळ्या. पोरं त्यांवर आपटतायत आणि कोणी "हात लावू नको" म्हणत नाही. आमच्याकडं संग्रहालय म्हटलं की पहिली पाटी तीच. आत हेडफोन लावून ऐकायचं, पडद्याला बोट लावलं की गाणं सुरू. लोकसंगीत आहे, स्वातंत्र्यलढ्यातली गाणी आहेत, सिनेमा आहे, आजकालचे बँड आहेत. वाद्यांच्या दालनात देशभरातली शंभरावर वाद्यं.

रेकॉर्डिंगच्या इतिहासाच्या भागात मी जास्त रेंगाळलो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला आणि भारतात गाणं पहिल्यांदा गाणाऱ्यापासून वेगळं होऊन बाजारात गेलं. तेव्हाही पुष्कळ गवयांना वाटलं होतं की हे यंत्र गाणं खाणार. पण अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकूनच गदगचा एक पोरगा असलं गाणं शिकायचं म्हणून घर सोडून पळाला, आणि पुढं भीमसेन जोशी झाला. मोबाइलमधल्या तंबोऱ्याच्या अॅपला नावं ठेवणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे लक्षात ठेवावं. यंत्र वाईट नाही. ते ऐकल्यावर पोरगा पुढं कुठं जाणार, हा प्रश्न आहे. त्या पोराला शोधत गेल्यावर शेवटी कुंदगोळात सवाई गंधर्व मिळाले. आजच्या पोराला काय मिळेल?

वाद्यांच्या दालनात मावसभावाची मुलगी आमच्याबरोबर होती. नऊ वर्षांची. मराठी बोलते, वाचायला अडखळते. तंबोऱ्यापुढं तिनं बायकोला विचारलं, "काकू, हे कुठं बनतं?"

"मिरजेत. आमच्या घरापासून तासाभरावर."

"म्हणजे तिथं याच्यापेक्षा मोठं म्युझियम असेल ना?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. पत्रकार मी.

पोरीचा हिशेब बरोबर होता. बनतं तिकडं, तर बघायलाही तिकडंच जास्त असणार. मी म्हणालो, "तिथं दुकानं आहेत, आत कारागीर बसलेले असतात." ती म्हणाली, "मग ते दाखवतात का कसं बनवतात?" मी म्हणालो, "ओळख असेल तर दाखवतात."

हे माझं उत्तर. ओळख असेल तर.

आता जरा मिरजेचं सांगतो, कारण आपल्यातल्याच पुष्कळांना माहीत नसतं. मिरजेतली सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार. हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम संपत आलं तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी तेच कसबी हात वाद्यांकडं वळवले. तलवारीला धार लावणाऱ्या घरात तंबोऱ्याची जवारी निघायला लागली. याच्याइतकी चांगली गोष्ट मला तरी आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात दुसरी माहीत नाही.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. खायचा नव्हे, कडू. तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आकार द्यायचा, त्याला गळा आणि दांडी जोडायची, वर लाकडाची तबली बसवायची, खुंट्या, नक्षी, पॉलिश. आणि शेवटी घोडीवर जवारी. घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की तार तिला लागूनही लागू नये, आणि मध्ये दोऱ्याचा 'जीव' सरकवून आवाज उघडायचा. त्याला मोजपट्टी नाही. कान आहे, आणि तो बापाकडून पोराकडं येतो. पोरानं दुसरी नोकरी धरली की तिथं थांबतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. आम्ही सगळ्यांनी बातम्या केल्या, फोटो छापले. चांगलंच झालं. पण मानांकन हे शेवटी एक प्रमाणपत्र आहे. गिऱ्हाईकाला ते माहीत असेल आणि 'मिरजेचाच दाखवा' असं तो म्हणेल, तेव्हा त्याचे पैसे होतात. गिऱ्हाईकाला ते कळणार कुठं? महामार्गावर पाटी नाही. रेल्वेतून उतरणाऱ्याला कोणी सांगत नाही. मिरज जंक्शन आहे, शिवाय दवाखान्यांचं गाव आहे. लांबलांबून, कर्नाटकातूनसुद्धा, माणसं उपचाराला येतात. पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर, दिवसचे दिवस चहाच्या गाड्यावर. चालत जाण्याच्या अंतरावर जगात नाव असलेली कला आहे, आणि त्यांना ते सांगणारं कोणी नाही.

आता कबुली.

माझ्या जुन्या कात्रणांच्या फायली मी परत आल्यावर काढल्या. कलादालन, सांस्कृतिक भवन, स्मारक, कलाग्राम अशा घोषणांच्या बातम्या मी पुष्कळ केल्यात. सगळ्यांची चाल एकच. अमुक यांच्या हस्ते भूमिपूजन, नारळ, तमुक कोटींचा निधी, व्यासपीठावर कोण कोण, आणि शेवटच्या वाक्यात 'काम लवकरच पूर्ण होईल'. हे 'लवकरच' मी लिहिलंय. कितीदा तरी. त्यातल्या किती इमारती उभ्या राहिल्या, उभ्या राहिलेल्या किती उघड्या आहेत, उघड्यांपैकी कितींत दिवाबत्तीचं बिल भरलं जातं, हे बघायला मी परत गेलो का? एक-दोनदा. भूमिपूजनाला निमंत्रण येतं, गाडी येते, जेवण असतं. कुलपाचं निमंत्रण येत नाही.

म्हणून नेत्यांना शिव्या घालायच्या आधी मी माझं नाव यादीत घालतो.

आपल्याकडं स्मारक म्हणजे इमारत. इमारतीला निधी मिळतो कारण इमारतीला ठेकेदार असतो. किल्लीवाल्याच्या पगाराला निधी मिळत नाही, कारण त्याच्यात कोणाचंच काही नसतं. बेंगळुरूत मला आवडलं ते काचा आणि पडदे नव्हेत. दार वेळेवर उघडं होतं, आत विचारलं तर सांगणारी माणसं होती, शाळेतली पोरं होती. त्या पोरांना तिथं गाण्याची ओढ लागत असणार, मला शंका नाही. पण काचेमागं वाद्य दिसतं, करणारा दिसत नाही. हा त्या संग्रहालयाचा दोष नव्हे, कुठल्याही संग्रहालयाची तेवढीच मर्यादा. करणारा आपल्याकडं आहे. त्यांच्याकडं दार आहे आणि आपल्याकडं घर, अशी स्थिती.

मग काय करता येईल? मला कोटींचं भवन नकोय. साध्या गोष्टी लिहितो.

एक, पाट्या. महामार्गावर आणि स्टेशनांवर, मराठी आणि कन्नड दोन्हीत. 'सतारीचं गाव मिरज', 'पलुस्करांचं कुरुंदवाड', 'कुमार गंधर्वांचं सुळेभावी', 'सवाई गंधर्वांचं कुंदगोळ'. गावांच्या नावांवरून आपण भांडतो, निदान गवयांच्या नावांवर एकमत होईल.

दोन, जी स्मारकं उभी आहेत त्यांच्या दारावर वेळ आणि एक मोबाइल नंबर. आणि तो नंबर उचलणाऱ्याला पगार. नवीन वीट न लावता हे होतं.

तीन, मिरजेत चालू कारखान्यातच पाहण्याची सोय. दिवसाचे ठरावीक दोन तास, तिकीट लावून, आणि तिकिटाचे पैसे थेट कारागिराला. आज कोणी बघायला आलं तर त्याचं काम थांबतं, चहाही त्यालाच पाजावा लागतो. बघणाऱ्यानं पैसे दिले तर दाखवणं हेही काम होईल. पोराला बापाच्या धंद्यात बसायचं एक कारण वाढेल.

चार, शाळेच्या सहली. पन्हाळा, रायगड झालेच पाहिजेत. पण सांगली-कोल्हापूरच्या पोरानं दहावीपर्यंत एकदा तरी भोपळ्याचा तंबोरा होताना बघायला हवा. बसचं डिझेल सोडलं तर खर्च नाही.

पाच, सांगली, कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाड या चार जिल्ह्यांनी मिळून एक नकाशा छापावा. सीमाप्रश्न कोर्टात आहे म्हणून नकाशा छापायला बंदी नाही.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "साहेब, जतला पाणी नाही, द्राक्षं अवकाळीनं गेली, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही तंबोरे वाजवताय." बरोबर आहे. मी त्याच बातम्या रोज करतो, द्राक्षवाला मीही आहे, वडिलोपार्जित पाऊण एकर का होईना. पण हे पैसे पाण्याच्या योजनेतून काढा असं मी म्हणत नाही. जे पैसे स्मारक, भवन, सुशोभीकरण या नावाखाली आजही खर्च होतात, त्यांतलेच म्हणतोय. आणि नोकरीचंच म्हणाल, तर कारागिरी ही नोकरीच आहे. भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्यापासून तारा विकणाऱ्यापर्यंत माणसं आहेत त्यात. ती कमी झाली तर मोर्चा निघत नाही, कारण ती एकेक करून, गुपचूप कमी होतात. एका घरात बाप वारतो, पोरगा आधीच दुसरीकडं कामाला लागलेला असतो, आणि कानाकानांत चालत आलेलं दीडशे वर्षांचं काहीतरी त्या दिवशी बंद होतं. आम्ही श्रद्धांजलीची बातमी करतो. चार ओळी.

परत येताना बेळगावला थांबलो. बायको गाडीतून उतरली ती सरळ शिडीकडं. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही राहू द्या, तुमच्यानं होणार नाही." मी वर गेलो तरी. पोतं सोडलं. दोन तारा तुटलेल्या, तिसरी गंजलेली, घोडी एका बाजूला सरकलेली, पॉलिश पांढरट पडलेलं. भोपळा शाबूत. सासूबाई खाली उभ्या राहून म्हणाल्या, "जपून रे बाबा, ह्यांनी मांडीवर आणलाय." सासरे जाऊन आठ वर्षं झाली.

मागच्या सीटवर गोधड्या टाकून भोपळा ठेवला आणि दांडी पुढच्या दोन सीटांच्या मधून काढली. गिअर टाकताना दरवेळी कोपर खुंटीला लागत होतं. बेळगाव ते मिरज मी एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. कोगनोळीच्या नाक्यावर एकानं काच खाली करायला लावून विचारलं, "काय आहे?" बायको म्हणाली, "तंबोरा." तो म्हणाला, "जावा."

मिरजेत ओळख काढली नाही. मुद्दाम. सरळ एका दुकानात गेलो. म्हाताऱ्या कारागिरानं भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली, कान लावला, म्हणाला, "माल आमच्याच गल्लीतला आहे. घोडी नवी करावी लागेल, जवारी काढतो. दोन आठवडे." मग वहीत नाव लिहिताना विचारलं, "वाजवतं कोण?"

"मी," बायको म्हणाली.

मी तिथंच त्याला विचारलं, पोरं या धंद्यात आहेत का. म्हणाला, थोरला नाही. धाकटा संध्याकाळी कामावरून आला की बसतो, रोज नाही. मी विचारलं, बघायला लोक येतात का. म्हणाला, "परदेशातले येतात. गावातले दुरुस्तीला सुद्धा कमीच. तुम्ही कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. तासाभरावरचं. तो काही बोलला नाही, पावती फाडून दिली.

तंबोरा पुढच्या रविवारी मिळणार आहे. टीव्हीच्या भिंतीशेजारी कोपरा मोकळा केलाय. विशारदचा फॉर्म तिनं भरायचा की नाही, ते ती ठरवेल. त्यावर मी मत देणार नाही, एकोणीस वर्षांत खूप दिलं.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावातला गवई, वादक, वाद्य करणारा, शाहीर, ज्याचं घर किंवा स्मारक आहे पण पाटी नाही किंवा कुलूप आहे, त्याच्या गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा. कन्नड मुलखातल्या मित्रांनीसुद्धा. मी यादी करून चारही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडं अर्ज देणार आहे. अर्जाची पोच मिळाली की तारखेसकट इथंच टाकीन. दर दोन महिन्यांनी काय झालं तेही लिहीन, काही झालं नाही तर तसं लिहीन.

'लवकरच' हा शब्द मी बंद केलाय.